एकच बोर्ड

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर बचत गटाची बैठक चालू होती. एप्रिलचा शेवट, वर पत्रा, खाली सारवलेली जमीन आणि भिंतीला टेकून बसलेल्या बाया. कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब अर्ध्यावर आला असताना माझ्या लॅपटॉपवर बॅटरी संपत आल्याची सूचना झळकली. मी काही बोलले नाही, पिशवीतून चार्जर काढला आणि नजर आपोआप भिंतीकडं गेली. त्या घरात एकच बोर्ड होता आणि त्यात टेबल फॅनची पिन होती. मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातल्या आजी गुडघ्यावर हात टेकत उठल्या, त्यांनी पिन उपसली, फॅनची वायर हातावर गुंडाळली आणि म्हणाल्या, "लावा बाई तुमचं." मी नको म्हटलं, परत म्हटलं. गटाच्या अध्यक्षबाईंनी माझ्या हातातून चार्जर घेतला आणि स्वतःच लावून टाकला. "पंख्याचं काय ताई, आम्ही तर रोज इथंच असतो. तुमचं काम आधी होऊ द्या." फॅनची पाती हळूहळू थांबली. एका बाईच्या मांडीवर झोपलेलं लेकरू थोड्या वेळानं घामानं चुळबुळायला लागलं, तशी ती पदरानं वारा घालू लागली. एका हातात पदर, दुसऱ्या हातात पासबुक.

हिशेब पूर्ण झाला, जुळलाही. पण तो थांबलेला पंखा माझ्या मनात रुतून बसला.

परतीच्या एसटीत, सावळघाटाच्या वळणांवर बॅग मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि पहिल्यांदाच त्या यंत्राचा मला राग आला. तोवर बॅटरी हा माझ्या सोयीचा प्रश्न होता. आता तो दुसऱ्याच्या घरातल्या वाऱ्याचा प्रश्न झाला होता. मी नाशिकला इंदिरानगरात राहते, काम सगळं बाहेर. बचत गटांचे आणि काही शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशेब लिहिणं, तपासणं, बँकेला लागतात ते कागद तयार करणं. आज पेठ, उद्या दिंडोरी, परवा निफाड. ऑफिस म्हणावं असं टेबल मला नाही. कुणाची पडवी, कुणाच्या देवळाचा ओटा, अंगणवाडीची खोली, द्राक्षबागेतलं पॅकिंग शेड, हीच माझी बसायची जागा. आणि अशा प्रत्येक ठिकाणी शिरल्यावर माझी नजर आधी माणसांकडं न जाता भिंतीवरच्या बोर्डाकडं जायची. ही सवय कधी लागली ते मला सांगता येणार नाही, पण त्या दिवशी ती मला पहिल्यांदा दिसली.

बाहेरच्या गावांत बोर्ड असला तरी लाईट असेलच असं नाही. "आत्ता सिंगल फेज आहे, पंखा हळू फिरतोय, तुमचं यंत्र चालेल का बघा," असं कितीदा ऐकलंय. पावसाळ्यात पेठकडं झाड पडलं की दोन-दोन दिवस लाईट नसते, आणि बैठक तर ठरलेल्या तारखेलाच होते, कारण बायांनी त्या दिवसाची मजुरी सोडलेली असते. मग मी घरून पूर्ण चार्ज करून निघायचे, बसमध्ये लॅपटॉप उघडायचाच नाही असं ठरवायचे, पडद्याचा उजेड इतका कमी करायचे की आकडे डोळे बारीक करून वाचावे लागत. तरी दुसऱ्या गटाच्या बैठकीपर्यंत तो कोपऱ्यातला आकडा वीसवर आलेला असायचा. आणि तो आकडा खाली उतरायला लागला की माझा आवाज बदलायचा. "बरं, पुढचं नाव?" "हे नंतर बोलू." "तुम्ही रक्कम तेवढी सांगा." गटात एखादी बाई असते, जी हप्ता का थकला हे सांगायला फार वेळ घेते. आधी आजारी सासऱ्यांचं सांगते, मग गाभण शेळीचं, मग नवरा कामाला सिन्नरला गेलाय त्याचं, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्या उठायला लागल्यावर, खरं कारण सांगते. त्या शेवटच्या वाक्यासाठीच बैठक असते. शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक असलेल्या नाबार्डनं १९९२ मध्ये ५०० गटांपासून बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, त्याचा सगळा डोलारा ह्यावर उभा आहे की बँक एका बाईला कर्ज देत नाही, गटाला देते, आणि गट एकमेकींची खात्री देतो. ती खात्री आकड्यांतून येत नाही. निवांत बसून, एकीनं दुसरीचं ऐकून येते. चार तासांच्या बॅटरीवर ते ऐकणं बसत नव्हतं.

जुना लॅपटॉप १५.६ इंची होता, सव्वादोन किलोच्या आसपास. त्याच्या चार्जरचा ठोकळाच अर्धा किलो. त्याबरोबर गटांची रजिस्टरं, शिक्के, स्टॅम्प पॅड, पाण्याची बाटली, डबा. नाशिकच्या जुन्या सीबीएसवर, म्हणजे बस स्थानकावर, पेठच्या गाडीत चढताना ही बॅग आधी वर ढकलायची आणि मग आपण चढायचं. उजव्या खांद्यावर पट्ट्याचा वळ कायमचा. त्यात एका उन्हाळ्यात त्याचा टचपॅड कडक झाला, दाबलं तरी क्लिक होईना. मला वाटलं धूळ गेली असेल. मग झाकण नीट मिटेना, एक कोपरा उचललेला राहायचा. भाच्यानं फोटो बघितला आणि लगेच फोन केला, "आत्या, चार्जर काढ आणि तो बंद ठेव. बॅटरी फुगलीये." लिथियमच्या बॅटरीत बिघाड झाला की आत वायू तयार होतो आणि तिची चपटी पिशवी फुगते. ती खालून टचपॅडला रेटा देते. अशी बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, वापरायची तर नाहीच. मी स्कूटरच्या डिकीत लॅपटॉप ठेवून उन्हात हिंडत असे आणि उष्णता हा ह्या बॅटऱ्यांचा सगळ्यात मोठा शत्रू, हे मला तेव्हा समजलं. नाशिकच्या मे महिन्यात बंद डिकीत काय होत असेल ते हात घालून पाहिलं तरी कळतं.

सर्व्हिस सेंटरला गेले तेव्हा मनात धाकधूक नव्हती, कारण माझ्याकडं तीन वर्षांची वॉरंटी होती. काउंटरवरच्या मुलानं अतिशय नम्रपणे सांगितलं, "मॅडम, मशीनची तीन वर्षं आहे. बॅटरीची एकच." ते कागदावर होतं, बारीक अक्षरात, आणि बहुतेक कंपन्यांचं असंच असतं. बॅटरीची ताकद वापरानं कमी होणं तर ते दोष मानतच नाहीत. शिवाय माझी वॉरंटी 'कॅरी-इन' होती, म्हणजे मशीन आपण घेऊन जायचं आणि ते सांगतील तेव्हा आपणच आणायला जायचं. पार्ट मुंबईहून येणार होता. तो आला, पण त्याला लागलेल्या दिवसांत मार्चअखेर होती. मी रात्री हातानं रजिस्टरं लिहीत बसले होते, पहाटे भाच्याच्या लॅपटॉपवर ते सगळं चढवत होते, आणि बँकेतून येणाऱ्या प्रत्येक फोनला पोटात गोळा येत होता. त्या मुलावर मी रागावू शकले नाही. त्याच्या मागच्या रॅकवर चिठ्ठ्या चिकटवलेली कितीतरी मशीनं रांगेनं पडली होती, आणि प्रत्येक चिठ्ठीमागं कुणाचं तरी अडलेलं काम होतं.

पुढं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि त्या जुन्या मशीनला विंडोज ११ चालत नव्हतं. बायांच्या खात्यांची माहिती ज्या यंत्रात आहे त्याला सुरक्षेचे अपडेट नसणं मला पटेना. दुरुस्त करत राहायचं की नवं घ्यायचं, हा प्रश्न तिथं संपला.

नवा घ्यायचा म्हटल्यावर मी वाचायला लागले आणि त्यात रमले. १९८१ साली ऑस्बोर्न १ नावाचा संगणक आला, बरोबर नेता येणारा म्हणून विकला गेलेला. वजन जवळपास ११ किलो, पडदा पाच इंची, आणि आत बॅटरीच नव्हती. नेता येत होता, पण पोचल्यावर भिंतीशीच बसावं लागत होतं. तो बनवणाऱ्या अ‍ॅडम ऑस्बोर्नच्या बालपणाचा बराच काळ तमिळनाडूत, तिरुवन्नामलैला गेला होता, हे वाचून मी थोडा वेळ थांबले. दहा वर्षांनी, १९९१ मध्ये, सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि भिंतीपासून सुटका खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाली. त्या बॅटरीमागच्या तिघांना नोबेल मिळायला २०१९ उजाडलं. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. २००८ च्या जानेवारीत अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्झनी कागदाच्या पाकिटातून लॅपटॉप बाहेर काढून दाखवला, १.३६ किलोचा. लोकांनी त्याच्या पातळपणाला टाळ्या वाजवल्या असतील. मला मात्र ही सगळी गोष्ट एकाच दिशेनं जाताना दिसते: माणूस जिथं आहे तिथं काम जावं, कामासाठी माणसाला भिंत शोधत फिरायला लागू नये.

मग दुकानं सुरू झाली. एमजी रोड, शरणपूर रोड, कॉलेज रोड. दुकानात शिरलं की पहिला प्रश्न बजेट किती, दुसरा प्रश्न कशासाठी, आणि अकाउंटिंग म्हटलं की एक ठराविक मशीन पुढं सरकवलं जातं. "ह्याला अठरा तास बॅकअप आहे मॅडम." अठरा तास कसे मोजले हे विचारलं की उत्तर येत नाही. कंपनी ते आकडे बहुधा पडद्याचा उजेड कमी ठेवून, एक व्हिडिओ सलग चालवून काढते. हिशेबाचं टॅली, एक्सेल, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बँकेचं पोर्टल आणि उजेड पुरेसा वाढवलेला, असं माझं काम त्या मोजणीत बसत नाही. म्हणून मी तास विचारणं सोडलं आणि वॉट-आवर विचारायला लागले. बॅटरीत किती वीज मावते, त्याचा हा आकडा. मशीन किती वॉट खातं त्यानं भागलं की तास निघतात. ४२ वॉट-आवरची बॅटरी आणि माझ्यासारख्या कामाला नऊ-दहा वॉट खाणारं मशीन, म्हणजे चार-साडेचार तास. ६० ची बॅटरी आणि सात वॉटवर भागवणारं मशीन, म्हणजे साडेआठ. पेठला जाऊन, दोन गटांचं काम करून, परत येण्याइतके. हा भागाकार दुसरीतल्या पोरालाही शिकवता येईल, पण दुकानात तो कुणी करून दाखवत नाही.

आणि एक गोष्ट तर मी प्रत्येकाला सांगत सुटले आहे. एकाच नावाचा लॅपटॉप दोन वेगवेगळ्या बॅटऱ्यांसह विकला जातो. बाहेरून तोच रंग, तेच नाव, तेवढाच पडदा. आत एकात लहान, एकात मोठी. स्वस्तात मिळाला म्हणून आनंदानं घरी न्यावा तर त्यात लहान निघते. डब्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर घालून बघितल्याशिवाय हे कळत नाही. वजनाचंही तेच, १.३ किलो 'पासून पुढं' असं लिहिलेलं असतं, आणि ते 'पुढं' मोठ्या बॅटरीत असतं. मी दुकानदाराला मशीन बंद करून एका हातात द्यायला सांगायचे, मग चार्जरही मागायचे, कारण खांद्यावर दोन्ही येतात. एका दुकानातल्या काकांना ह्याचं नवल वाटलं. पण त्यांनी आतून भाजीचा नव्हे, कुरियरचा डिजिटल काटा आणला आणि दोन्ही मोजून दिलं. त्या माणसाकडूनच पुढं खरेदी झाली.

प्रोसेसरच्या नावांत मी फार खोल गेले नाही. इंटेलच्या नावामागचं यू अक्षर कमी वीज खाणारं आणि एच अक्षर जास्त ताकदीचं, जास्त तापणारं, एवढं माझ्या कामाला पुरलं. भाच्याचा आग्रह वेगळा होता. "आत्या, मॅकबुक घे, नाहीतर स्नॅपड्रॅगन चिपवालं विंडोज घे. दिवसभर चार्जरची आठवण येणार नाही." बॅटरीच्या बाबतीत त्याचं खरंच होतं. अ‍ॅपलनं २०२० च्या नोव्हेंबरात एम१ चिप आणली आणि सगळ्या बाजाराची तासांची अपेक्षाच बदलली. पण टॅली विंडोजसाठी आहे, आणि माझ्याकडं डिजिटल सहीचं टोकन आहे, पेन ड्राइव्हसारखं. ते जुन्या चौकोनी यूएसबीत जातं आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, स्नॅपड्रॅगनच्या मशीनवर चालेलच असं नाही. जुने प्रिंटर, स्कॅनर, बोटाचा ठसा घेणारी यंत्रं, ह्या सगळ्यांची तीच अडचण. मी टोकन पर्समध्ये घेऊनच दुकानांत फिरले. ज्या मशीनला ते लावायला चौकोनी भोकच नाही, ते कितीही देखणं असलं तरी खाली ठेवलं. भाचा थोडा हिरमुसला. तो अभियांत्रिकीला आहे, त्याचं बसणं हॉस्टेलच्या टेबलावर असतं, चार प्लगच्या बोर्डासह. त्याला त्याच्या कामाचं बरोबर कळतं, मला माझ्या.

पडद्याचा विचार मात्र सगळ्यांनी करावा असं मला वाटतं. दुकानात वरून पांढरे दिवे असतात, तिथं सगळेच पडदे झकास दिसतात. पडवीत समोरून ऊन येतं. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात; २५० निट्सचा पडदा तिथं आरशासारखा होतो आणि आकड्यांऐवजी आपलाच चेहरा दिसतो. मला ३५०-४०० निट्सचा, चकाकी नसलेला हवा होता. ओएलईडी पडदा बघितला, रंग डोळ्यांत भरले, पण ओएलईडी पांढरं दाखवताना जास्त वीज खातो, काळं दाखवताना कमी, आणि माझं एक्सेल दिवसभर पांढरं. तो मोह दुकानातच राहिला. रॅम मदरबोर्डला जोडूनच येते बऱ्याच हलक्या मशीनमध्ये, नंतर वाढवता येत नाही, म्हणून १६ जीबी पहिल्यापासूनच घेतली. चार्जर टाइप-सी, ६५ वॉटचा, मोबाईलच्या चार्जरपेक्षा थोडाच मोठा. त्यामुळं अडीअडचणीला टाइप-सी पीडीची, म्हणजे लॅपटॉपपुरती जास्त वीज देऊ शकणारी, पॉवर बँकही चालते. फक्त तिची ताकद तेवढी हवी, मोबाईलची साधी पॉवर बँक लॅपटॉपला ओळखतही नाही.

वॉरंटीच्या वेळी मी सगळ्यात जास्त वेळ घेतला. दुकानात दोन कागद पुढं येतात. एक कंपनीची वाढीव वॉरंटी आणि दुसरा कुठल्या तरी तिसऱ्या संस्थेचा प्लॅन, जो दिसायला तसाच असतो पण बिघाड झाल्यावर कंपनी त्याला ओळखत नाही. मी कंपनीचीच घेतली, तीन वर्षांची, ऑनसाइट. म्हणजे इंजिनिअर घरी येणार. पण कुठल्या घरी? ऑनसाइट सेवा पिन कोडवर ठरते, आणि ती शहराच्या पिन कोडला मिळाली तरी आतल्या तालुक्याला मिळेलच असं नाही. मी इंदिरानगरचा पिन कोड कंपनीच्या साइटवर घालून बघितला, मग ग्राहक क्रमांकावर फोन करून परत विचारलं, आणि ज्यांनी सांगितलं त्यांना ईमेलवर लिहून द्यायला लावलं. अपघाती नुकसानीचं कवच वेगळं घेतलं. पडणं, पाणी सांडणं, पडदा फुटणं हे साध्या वॉरंटीत येत नाही, आणि माझ्या कामात चहाचे कप लॅपटॉपशेजारीच ठेवले जातात, प्रेमानं, अगदी काठावर. त्या कवचातही अनेकदा वर्षाला एकच दावा चालतो, ते वाचून घेतलं. बॅटरीला वेगळी तीन वर्षांची वॉरंटी काही कंपन्या पैसे घेऊन देतात. ह्या कंपनीत ती होती, तीही घेतली. पैसे वाढले. घरी आल्यावर आकडा बघून थोडा वेळ गप्प झाले. पण मार्चअखेरच्या त्या रात्री माझ्या अजून लक्षात आहेत, आणि त्या विकत घेऊन टाळता येत असतील तर ही किंमत मला जास्त वाटत नाही.

सगळं घेऊनही आतला डेटा कुठल्याच वॉरंटीत येत नाही. कंपनी मशीन बदलून देईल, गटांच्या नोंदी देणार नाही. दर शुक्रवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळं उतरवून ठेवते.

नवं मशीन आता बरेच महिने वापरात आहे. बॅटरी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय त्यात आहे. शहरातल्या कामाच्या दिवशी ती चालू ठेवते, बाहेर जायच्या आदल्या रात्री शंभर करते. सतत शंभरवर आणि गरम राहिली की बॅटरी लवकर म्हातारी होते, म्हणून एवढी काळजी. डिकीत आता फक्त रेनकोट असतो. दिंडोरीकडं परवा एका गटात, द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत, बैठक अंधार पडेपर्यंत चालली. लाईट गेलेली होती. एका बाईनं दोन हप्ते चुकवले होते आणि ती फार वेळ भलतंच बोलत राहिली. मी कोपऱ्यातला आकडा बघितला नाही, कारण तो बघायचं कारण नव्हतं. सगळ्यांत शेवटी तिनं सांगितलं की पैसे तिच्या थोरल्या मुलीच्या बाळंतपणाला गेले आणि घरी हे अजून कुणाला माहीत नाही. शेजारच्या बाईनं लगेच तिचा एक हप्ता आपल्या बचतीतून भरायची तयारी दाखवली. ती नोंद मी तिथल्या तिथं केली.

पण सगळं नुसतं चांगलंच झालं असं लिहिणं खरं होणार नाही. आता मी कुणाच्या घरी गेले की मला काही लागत नाही. आधी बोर्डाच्या निमित्तानं घर आत घ्यायचं. कुणी फ्रिजची पिन काढायचं, कुणी शेजाऱ्यांच्या खिडकीतून एक्स्टेन्शन ओढून आणायचं, पोरं वायर धरून उभी राहायची. त्या धावपळीत त्यांचाही त्या कामात हात लागायचा. आता बाया विचारतात, "ताई, लाईट लावू का तुमच्या मशीनला?" मी नको म्हणते, आणि त्या थोड्या मागं सरकून बसतात. देणाऱ्याचा हात रिकामा परत जातो. दुसऱ्याचा पंखा बंद करून काम करायचं नाही हे माझं ठाम मत आहे, ते बदलणार नाही, पण त्या हाताचं काय करायचं हे मला अजून नीट सुचलेलं नाही. मी आता लॅपटॉप फिरवून त्यांच्या बाजूला करते, प्रत्येकीला तिच्या नावासमोरचा आकडा तिच्या बोटानं दाखवायला सांगते. पडदा उजेडाचा असल्यानं त्यांना तो दिसतो. काही जणी आता माझ्याआधी चूक पकडतात. मागच्या महिन्यात एकीनं व्याजाच्या रकान्यात एक शून्य जास्त पडलंय हे लांबूनच ओळखलं.

ह्या लेखाचं निमित्त त्याच पेठच्या रस्त्यावरच्या एका गटातून आलं. तिथल्या एका बाईंच्या मुलीला नाशिकच्या केटीएचएम कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळालाय, आणि गटानं अंतर्गत कर्जातून तिला लॅपटॉप घेऊन द्यायचं ठरवलंय. ठराव झाला, सह्या झाल्या, काहींचे अंगठे झाले. मग सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. कुठला घ्यायचा? मुलगी नाशिकच्याच शिवाजीनगरला मावशीकडं राहणार, रोज सिटी बसनं जाणार, सुट्टीला गावी येणार, जिथं लाईटचा भरवसा नाही. तिचं काम माझ्यापेक्षा वेगळं, बजेट माझ्यापेक्षा बरंच कमी. मी तिला माझं मशीन घे म्हणाले नाही. महागडं प्रोसेसर नको, १४ इंची बघ, दीड किलोच्या आत, बॅटरी ५० वॉट-आवरच्या वर, टाइप-सी चार्जिंग, आणि वॉरंटी मावशीच्या पिन कोडला ऑनसाइट मिळते का ते दुकानात पैसे द्यायच्या आधी विचार, असं सांगितलं. एक वर्षाची वॉरंटी असली तरी ती संपायच्या आत वाढवता येते, तेव्हा शिष्यवृत्तीचे पैसे आले की तो विचार कर. काही बिनसलं आणि दुकान दाद देईना तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तोही तिच्या वहीत लिहून दिला. तिनं सगळं लिहून घेतलं, मग विचारलं, "ताई, बिल माझ्या नावावर करू का गटाच्या?" अध्यक्षबाई म्हणाल्या, तुझ्याच नावावर कर, वापरणार तू. मी म्हटलं, तुझ्या नावावर, पक्कं जीएसटीचं बिल, त्यावर सीरियल नंबर छापलेला आहे ना ते दुकानातच तपास, मशीनखालच्या नंबराशी जुळवून बघ, आणि बिलाची एक झेरॉक्स गटाच्या रजिस्टरात लाव. पुढच्या सोमवारी ती नाशिकला येतेय, मी तिच्याबरोबर दुकानात जाणार आहे.